नुसती धूळ होती

तुमच्या फोनचं चार्जिंग कधी तरी बंद पडलं असेल. केबल बदलून पाहिली, चार्जर बदलून पाहिला, शेवटी दुकानात गेलात. तिथल्या पोरानं फोन काउंटरखाली नेला, दहा मिनिटांनी परत दिला आणि म्हणाला, ‘पोर्ट बदलला, सहाशे.’ तुम्ही दिलेही. त्यानं पोर्ट खरंच बदलला होता, की तुमच्या खिशातला कापूस टाचणीनं काढून फेकला होता? हे तुम्हाला कधीच कळणार नाही. पण मला जास्त छळणारा प्रश्न वेगळा आहे. तो खरं बोलला असता, ‘काही नाही, नुसती धूळ होती’ असं म्हणाला असता, तर तुम्ही त्याला किती दिले असते?

हे मी काउंटरच्या आतल्या बाजूनं विचारतोय.

आमचं दुकान खापरखेड्यात आहे. नागपूरहून इकडे यायला लागलं की आधी कोराडीच्या चिमण्या दिसतात, मग आमच्या. बाबांनी दुकान टाकलं तेव्हा टेपरेकॉर्डर आणि ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही यायचे. आता टीव्हीचा पॅनल गेला की लोक नवाच घेतात. उरलेत ते अँप्लिफायर. देवळाचे, बुद्धविहाराचे, मशिदीचे, शाळेचे, भजन मंडळांचे, डीजेवाल्यांचे, आणि अधूनमधून एखाद्या रिटायर्ड काकांचा जिवापाड जपलेला जुना स्टीरिओ. वर वाजतं ते प्रत्येकाचं वेगळं, पण पोटात सगळ्यांच्या एकच गोष्ट सापडते.

झाकणाचे स्क्रू काढले की आधी वास येतो, तापून तापून शिळ्या झालेल्या धुळीचा. मग करडा थर दिसतो. इतर ठिकाणची धूळ कापसासारखी लोंबते, जाळी धरते. आमची पिठासारखी असते. बोटानं पुसली की बोट गुळगुळीत होतं. तिच्यात राखड असते ना, म्हणून. कोळशातली माती बॉयलरच्या आगीत वितळते आणि हवेत उडता उडताच थिजते, त्यामुळे भिंगाखाली ही राख काचेच्या बारीक मण्यांसारखी गोल दिसते. अर्थात सगळी धूळ राखडच नसते. कोळशाच्या ट्रकांमधून उडालेली भुकटी, रस्त्याची माती, वीटभट्टीचा धूर, देवळातल्या मशीनमध्ये उदबत्तीची काजळीसुद्धा. धुळीवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं.

थोडा हिशोब सांगतो, कारण तो मला स्वतःला उशिरा कळला. इथल्या वीज केंद्राचा पहिला संच १९८९ साली सुरू झाला. आता २१० मेगावॉटचे चार आणि ५०० चा एक, मिळून १३४० मेगावॉट. एक युनिट वीज करायला साधारण सातशे ग्रॅम कोळसा जळतो, आणि आपल्याकडच्या कोळशात राखेचं प्रमाण तीस-चाळीस टक्के. म्हणजे एका युनिटमागे पाव किलो राख. सगळे संच पूर्ण जोरात चालले तर तासाला तीनशे टनांच्या वर. त्यातली जी धुराबरोबर उडते, तिच्यातली नव्याण्णव टक्क्यांहून जास्त धुराड्याच्या आधीच विजेच्या यंत्रानं ओढून धरता येते, मग ती पाण्यात कालवून बंधाऱ्यात जाते किंवा कोरडीच सिमेंट-विटांसाठी जाते. या राखेचं काय करायचं याचे केंद्र सरकारचे नियम १९९९ पासून आहेत. तरी वारा वारा असतो. भजनाचा अँप्लिफायर रात्रभर चालला तर एखाद-दोन युनिट खातो. म्हणजे जागरणाच्या एका रात्रीमागे पाव-अर्धा किलो राख कुठे तरी पडते. मशीन स्वतःला बिघडवणारी धूळ स्वतःच मागवून घेतं म्हणा ना. (हे वाक्य मी एकदा बाबांना ऐकवलं. ते म्हणाले, ‘स्प्रेचा डबा दे इकडं.’)

तर ही धूळ काय करते? आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखाली कार्बनची एक पट्टी असते, तिच्यावरून पत्र्याची एक नाजूक जीभ फिरते. मध्ये धूळ आली की खरखर. माइकची पिन जिथे बसते त्या जॅकमध्ये धूळ आली की आवाज येतो-जातो. मागच्या जाळ्या बुजल्या की आत उष्णता कोंडते आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद पडतं, नेमकं आरतीच्या वेळी. पावसाळ्यात तर धूळ ओल धरते आणि जिथून करंट जायला नको तिथून थोडा थोडा झिरपतो. बाहेरून पाहणाऱ्याला मशीन मेलेलं वाटतं. आत एकही पार्ट गेलेला नसतो.

साफ करणं सोपं वाटतं, तेवढं ते नाही. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तो आधी बल्ब लावून उतरवायचा, नाही तर हाताला असा झटका बसतो की स्क्रूड्रायव्हर पलीकडच्या भिंतीवर. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, कारण जोरात फिरवला तर तो उलट वीज तयार करतो. मग ब्रश, मग अल्कोहोल, मग कंट्रोलमध्ये स्प्रे आणि बटण वीस वेळा इकडून तिकडे. नीट केलं तर दीड-दोन तास. आणि हे सगळं करायच्या आधी कळायला हवं की दोष धुळीचाच आहे.

बाबा हे सगळं करायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, ‘काही नव्हतं, धूळ होती.’ मग पन्नास नाही तर शंभर घ्यायचे. पुष्कळदा समोरचा म्हणायचा, ‘धूळच होती तर शंभर कशाचे?’ आणि बाबा पन्नास परत द्यायचे. मला ते पाहून राग यायचा. घर आईच्या शिलाई मशीनवर चालायचं आणि बाबांचा खरेपणा त्या मशीनच्या जिवावर. हे मी त्यांना तेव्हा बोललो नाही. आता इथे लिहितोय.

आयटीआय करून मी दुकानात बसायला लागलो आणि महिनाभरात एक गोष्ट शिकलो. ‘साफ केलं’ म्हटलं की लोक भांडतात, ‘कंट्रोल बदलला’ म्हटलं की पैसे काढतात. रक्कम तीच, मेहनत तीच. मग मी कंट्रोल ‘बदलायला’ लागलो. खोटं बोलतोय असं वाटतच नव्हतं. गिऱ्हाइकाच्या भाषेत भाषांतर करतोय असं वाटायचं.

२०२२ च्या नवरात्राच्या आठ दिवस आधी जवळच्या एका गावातलं भजन मंडळ मशीन घेऊन आलं. घेऊन आलेले काका ठेकेदाराकडे राखडीच्या कामावर होते. गोळा झालेली राखड जिथे चोक होते तिथे ती मोकळी करायची, हे त्यांचं काम. मशीन मध्येच बंद पडायचं, चालू असलं की खरखरायचं. मी संध्याकाळी उघडलं. धूळ. जाळ्या पूर्ण बुजलेल्या, मास्टर कंट्रोल आणि दोन जॅक खराब. दोन तास घालवले आणि मशीन नव्यासारखं वाजायला लागलं. दुसऱ्या दिवशी काकांना म्हणालो, ‘आउटपुटचे दोन ट्रान्झिस्टर गेले होते. चौदाशे.’

त्यांनी वर्गणी करून आणली. दहा, वीस, पन्नासच्या नोटा, रबर लावलेल्या. मग म्हणाले, ‘बाबू, जुना पार्ट दे बरं. मंडळाले दाखवा लागते.’

जुना पार्ट मागणं हा आमच्या धंद्यातला गिऱ्हाइकाचा हक्क आहे, आणि त्यात काही चूक नाही. मी भंगाराच्या डब्यात हात घातला आणि टिनाच्या चपट्या डबीसारखा दिसणारा एक जळका ट्रान्झिस्टर काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो रुमालात बांधला.

यापूर्वी मी जे बोलत होतो त्याला भाषांतर म्हणून सोडून देता आलं असतं कदाचित. हातावर ठेवलेल्या त्या तुकड्याला मात्र दुसरं नाव नाही.

तरी मी स्वतःला समजावत राहिलो. तुम्हीही ती गोष्ट ऐकली असेल, फॉरवर्डमध्ये नेहमी फिरते. हेन्री फोर्डच्या कारखान्यातला जनरेटर बिघडतो, स्टाइनमेट्झ नावाचा इंजिनियर येतो, खडूनं एक खूण करतो आणि दहा हजार डॉलरचं बिल लावतो. खडूच्या खुणेचा एक डॉलर, खूण कुठे करायची हे कळण्याचे बाकीचे. खरी असो की रचलेली, मला ती फार आवडायची. मीही ज्ञानाचेच पैसे घेतले, असं मी म्हणायचो. पण त्या गोष्टीत एक तपशील आहे आणि तो मी सोयीनं गाळत होतो. त्यानं बिलावर खरं लिहिलं होतं. खडूच्या खुणेला त्यानं नवा जनरेटर म्हटलं नव्हतं.

मग माझी का हिंमत झाली नाही ‘सफाईचे चौदाशे’, बरं, चौदाशे जास्त होतात, ‘सफाईचे पाचशे’ म्हणायची? गिऱ्हाइकाला दोष देणं सोपं आहे. पण लाज मलाच वाटत होती. दोन वर्षं ट्रेड शिकून, सर्टिफिकेट भिंतीवर लावून, धूळ पुसायचे पैसे मागायचे? धूळ तर आई पुसते. दुकान उघडायच्या आधी रोज, आणि दुपारी वारा सुटला की परत एकदा. तिला त्याचे कोणी काही दिल्याचं मला आठवत नाही. धूळ रस्त्यावरची सफाई कामगार पुसतात, त्यांना काय मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे. झाडणं-पुसणं कोणी करायचं हे आपल्याकडे बाईपणानं आणि जातीनं आधीच ठरवून टाकलंय, आणि ज्याचं काम जन्मानं ठरलं त्याच्या कामाला भाव कसला? बाबासाहेबांनी १९३६ सालच्या, त्यांना करू न दिलेल्या त्या भाषणात मांडलं होतं की जात ही नुसती कामांची वाटणी नाही, ती काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. मी बुद्धविहाराचा अँप्लिफायर दुरुस्त करायचो आणि ‘सफाई’ हा शब्द बिलावर लिहायला लाजायचो.

विदर्भात तर आपण गाडगेबाबांचे लोक. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं, हा त्यांचा शिरस्ता. त्यांच्या नावानं सरकारनं २००० साली ग्रामस्वच्छता अभियानही काढलं. खराट्याला हार घालायला आपण कधीच मागे नसतो. खराटा धरणाऱ्याला रेट विचारा म्हटलं की मात्र सगळे इकडेतिकडे बघतात.

हे सगळं खरं आहे. आणि हे सगळं खरं असूनही त्या काकांच्या रुमालात मी भंगार बांधून दिलं, ते यातल्या कशानं पुसलं जात नाही. समाजाचा दोष आपल्या खोट्याला पांघरायला फार उबदार असतो, हे मला त्या काळात कळलं. महाभारतात धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा म्हणतात. अश्वत्थाम्याबद्दल ते अर्धं वाक्य बोलला आणि रथ खाली टेकला. लहानपणी मला वाटायचं, एवढ्याशा गोष्टीला एवढी शिक्षा? आता वाटतं, शिक्षा कुठे होती, तो फक्त बाकी सगळ्यांसारखा धुळीत चालायला लागला. माझा तर रथ आधीपासून खालीच होता, मग मला का लागलं?

मे महिन्यात ते मशीन परत आलं. खरखर. मी पार्ट आणायला सीताबर्डीला गेलो होतो, म्हणून बाबांनी उघडलं. आउटपुटचे चारही ट्रान्झिस्टर जिथल्या तिथे, कंपनीचं सोल्डर, स्क्रूवर लाखेचे लाल ठिपके जसेच्या तसे. मी बिलबुकात लिहिलेलं बाबांनी काढून वाचलं असणार. मी आलो तेव्हा मशीन साफ होऊन वाजत होतं आणि ते समोर बसले होते.

‘हे तू केलं?’

मी हो म्हणालो. ते पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं होतं ते म्हणतील, जा, माफी माग, पैसे दे. ते म्हणाले, ‘आताचे पैसे घेऊ नको. पुढच्या दोन-तीन वेळचेही नको. आन् तोंड बंद ठेव.’

मला धक्काच बसला. पन्नास रुपये परत देणारा माणूस मला गप्प राहायला सांगत होता. मी म्हणालो, दुकानाच्या नावाची भीती वाटते का? ते म्हणाले, ‘हाव, वाटते. पण ते सोड. तू सांगशीन, तुले हलकं वाटन. त्याचं काय? त्यानं लोकाइचे पैसे जमा केले होते. तुहं वझं तू त्याच्या डोक्यावर ठेवून येशीन.’

बाबा फार बोलणारे नाहीत, म्हणून हे मला वाक्यासकट आठवतं. आणि मी ते ऐकलं नाही. खरं ते सांगायलाच हवं, यात विचारायचं काय, अशा जोशात मी होतो. वर दुकानात ब्लोअर मारताना मी रोज पाहतो, की ब्लोअरनं धूळ जात नाही, फक्त मशीनमधून रस्त्यावर जाते. पण ते आणि हे तेव्हा जोडलं गेलं नाही.

चारच दिवसांनी चहाच्या टपरीवर काकांना एकटं गाठून सगळं सांगितलं आणि अकराशे रुपये पुढे केले. तीनशे सफाईचे म्हणून ठेवले, तेही सांगितलं. ते पैशांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘तो पार्ट मी सगळ्याले दाखोला ना बाबू. मीटिंगमधी. हार्मोनियमच्या पेटीत ठेवला आहे अजून.’

मी म्हणालो, चूक माझी होती, तसं सांगा मंडळात.

‘असं कसं सांगू? म्हनतीन याचंही कमिशन असन.’

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. बाबांच्या आलं होतं. मी तिथे चहाचा ग्लास धरून उभा होतो आणि माझं खरं आता त्या माणसाच्या गळ्यात पडलं होतं. ते पुन्हा बोलले तेव्हा आवाज रागाचा नव्हता, म्हणून जास्त लागला. ‘मी दिवसभर काय करतो? राखडच काढतो ना? त्याचेच पैसे घेतो. तू धूळ म्हनला असता तर मले समजलं नसतं का?’

समजलं असतं. साऱ्या खापरखेड्यात एखादा माणूस धुळीला काम समजणारा असेल तर तो हाच होता, आणि मी नेमकी त्याच्यासाठी खोटी गोष्ट निवडली, कारण मी त्याला विचारलंच नाही. त्याला काय पटेल आणि काय नाही, ते मीच त्याच्या वतीनं ठरवून टाकलं. आज मला वाटतं की खोट्यापेक्षा हा अपमान मोठा होता. गिऱ्हाईक खरं ऐकायच्या लायकीचं नाही, हे आधी ठरवल्याशिवाय खोटं बोलताच येत नाही.

काकांनी पैसे घेतले. मंडळात त्यांनी सांगितलं की दुकानदाराकडून हिशोबात चूक झाली होती, त्यानं परत दिले. म्हणजे माझ्यापायी आता तेही अर्धं खोटं बोलले होते. बाबांचं बरोबर होतं का? गप्प राहिलो असतो तर तो जळका तुकडा पेटीत सुखानं राहिला असता, मंडळाला दोन-तीन सफाया फुकट मिळाल्या असत्या, काका काही न बोलता सुटले असते. फक्त त्यांच्याच गोष्टीबद्दल आम्हाला माहीत आणि त्यांना नाही, असं कायम राहिलं असतं. मी परत सांगेन का? सांगेन. पण आता मी ते चांगलं काम म्हणून सांगणार नाही. आणि आधी त्यांना विचारीन की मंडळात काय अडचण होईल, आपण मिळून काय करायचं. हे विचारायला मला पाच मिनिटं लागली असती.

दुकानात आता पाटी आहे. ‘सफाई ३५०, पार्टचे वेगळे.’ बाबांना तीनशे पन्नास जास्त वाटतात, आईला कमी. लोक भांडतात. काही जण मशीन उचलून नागपूरला घेऊन जातात, तिथे त्यांचे दोन पार्ट ‘जातात’, आणि ते खूश होऊन येतात. डीजेवाली पोरं आता यूट्यूबवर पाहून स्वतःच ब्लोअर मारतात आणि पंख्याचं पातं धरत नाहीत. त्यांची मशीनं मग माझ्याकडे येतात, तो वेगळा धंदा सुरू झालाय.

एक बदल मी केला. जमेल तितकं ब्लोअरऐवजी ब्रशनं काढतो, खाली पेपर अंथरून. वेळ जास्त लागतो, पण आईला परत झाडावं लागत नाही आणि काढलेली धूळ दिसते तरी.

काका दर नवरात्राआधी येतात. पूर्वी मशीन ठेवून निघून जायचे, आता स्टूल ओढून बसतात, स्क्रू वाटीत जमा करतात, बल्ब लावताना मागे सरकतात. परवा काम झाल्यावर साडेतीनशे मोजून ठेवले आणि हात पुढे केला.

‘जुना पार्ट?’

मी पेपर चारी बाजूंनी उचलून धूळ मधोमध जमवली आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चिमूट घेऊन बोटांत चोळली, जरा उजेडात धरून पाहिली.

‘इतकीशी?’

‘इतकीच होती.’